दगडी घर, रुईची रजई आणि उबेचा हिशेब

ग्वाल्हेरच्या जानेवारीत दुपारी बारा वाजता माजघरातून अंगणात आले की अंगावरची शाल काढावीशी वाटते, आणि पुन्हा आत गेले की तीच शाल शोधावी लागते. पुण्याहून किंवा मुंबईहून थंडीत आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना हे विलक्षण वाटते, कारण घर हे थंडीपासून आसरा देते अशी त्यांची समजूत असते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत मात्र थंडी बाहेरून येत नाही. डिसेंबरच्या अखेरीस ती एकदा भिंतींत शिरते आणि फेब्रुवारी सुरू होईपर्यंत तिथेच राहते. बाहेर पहाटे पारा सहा-सात अंशांवर असतो, दुपारी ऊन पडले तर बावीसपर्यंत चढतो. पण दीड हात जाडीच्या दगडी भिंतीला एका दुपारच्या उन्हाचे काहीच वाटत नाही. ती गेल्या आठ-दहा दिवसांची सरासरी धरून बसलेली असते. आमच्या मधल्या खोलीत टांगलेला तापमापक या काळात सकाळी तेरा दाखवतो आणि संध्याकाळी चौदा.

ही घरे ज्यांनी बांधली त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर मे महिना होता, पंचेचाळीस अंशांची दुपार होती आणि लू होती. उंच छत, पटियांचे म्हणजे दगडी फरशांचे छप्पर, समोरासमोर दारे, कधीच घट्ट न बसणारी झडपे आणि पायांना गार लागणारी फरशी ही सगळी रचना उष्णता टाळण्यासाठी आहे, आणि उन्हाळ्यात ती आपले काम अजूनही चोख करते. हिवाळ्याचे दीड-दोन महिने कसेतरी काढायचे असतात, असे त्या घरांचे म्हणणे आहे. गंमत अशी की आमच्या घरखर्चाच्या वहीचेही तेच म्हणणे आहे. त्या वहीत कूलरची खस आहे, पंख्याचे वाइंडिंग आहे, एसीची सर्व्हिसिंग आहे. म्हणजे गारव्याचा खर्च नावानिशी मांडलेला आहे. उबेसाठी मात्र एकही रकाना नाही. तो खर्च होत नाही असे नव्हे. तो गीझरच्या रूपाने विजेच्या बिलात, आंघोळीच्या पाण्याच्या रूपाने सिलिंडरमध्ये, सासऱ्यांच्या काळच्या पानांवर ‘कोळसा’, ‘गोवऱ्या’ आणि ‘रजई भरणे’ अशा नोंदींत, आणि खोकल्याच्या औषधांत विखुरलेला आहे.

हा विखुरलेला खर्च एकत्र करून पाहावा असे मला वाटू लागले ते माझ्या भाचीमुळे. ती अमेरिकेत मेन राज्यात, पोर्टलंडला राहते. तिच्या घराच्या तळघरात २७५ गॅलनची (हजारेक लिटरची) लोखंडी टाकी आहे आणि हिवाळ्यात टँकर येऊन तिच्यात हीटिंग ऑइल भरून जातो. मेनमध्ये सुमारे निम्मी घरे अजून अशीच तेलावर तापतात. नैसर्गिक वायूची नळी तिथल्या विरळ वस्तीच्या राज्यात सगळीकडे पोचलेली नाही. गेल्या थंडीत ती फोनवर म्हणाली, “मावशी, आमचं एका हिवाळ्याचं तेल सात-आठशे गॅलन होतं. तुमचं बरं आहे, तुम्हाला हीटिंगचा खर्चच नाही.” मी आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे ‘खर्चच नाही’ हे वाक्य मला स्वस्थ बसू देईना. ऊब फुकट मिळत नाही; ती कोणीतरी, कुठल्यातरी रूपात मोजलेलीच असते.

दोन गावांच्या थंडीची तुलना करायला अभियंत्यांनी एक साधे माप केलेले आहे. बाहेरचे दिवसाचे सरासरी तापमान अठरा अंशांपेक्षा जितके खाली असेल तितके अंश त्या दिवसाच्या नावावर लिहायचे, आणि वर्षभराची बेरीज करायची. सरासरी पंधरा असेल तर त्या दिवसाचे तीन, उणे पाच असेल तर तेवीस. पोर्टलंडची वार्षिक बेरीज चार हजारांच्या जवळपास जाते. ग्वाल्हेरची मी ढोबळमानाने मांडली तेव्हा दोनशे-अडीचशेच्या आसपास आली. म्हणजे निव्वळ हवामान पाहिले तर भाचीची थंडी आमच्या सोळा ते वीस पट आहे. तेलाचा भाव गॅलनला साडेतीन डॉलर धरला तर आठशे गॅलनचे अठ्ठावीसशे डॉलर होतात. त्यांना सोळाने भागले तर पावणेदोनशे, आपले सुमारे पंधरा हजार रुपये. तिच्या घराइतके बंदिस्त घर ग्वाल्हेरला आणून ठेवले आणि तिच्यासारखेच चोवीस तास वीस अंशांवर ठेवले, तर हिवाळ्याला इतका खर्च यावा. आमचे घर तिच्या घराच्या दुप्पट-तिप्पट तरी उष्णता गळू देते, तेव्हा खरा आकडा तीस-चाळीस हजारांवर जाईल. आमचा प्रत्यक्ष खर्च याच्या जवळपासही नाही. उरलेला फरक आम्ही पैशांत भरत नाही, तेरा-चौदा अंशांत भरतो.

इंधनांची तुलना करताना लोक बहुधा सिलिंडरचा भाव एकीकडे, कोळशाचा दुसरीकडे आणि विजेच्या युनिटचा तिसरीकडे ठेवतात, आणि मग कशाचा कशाशी मेळ बसत नाही. सगळ्यांना विजेच्या युनिटमध्ये आणले की चित्र स्पष्ट होते. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट उष्णता असते. सिलिंडरला नऊशे रुपये धरले तर युनिटला पाच रुपये पडतात. चांगल्या लाकडी कोळशाच्या एका किलोत आठेक युनिट असतात, म्हणजे चाळीस-पन्नास रुपये किलोने घेतला तरी भाव पाच-सहा रुपयेच. वाळलेल्या जळाऊ लाकडाच्या किलोत चार युनिट, गोवरीत त्याहून थोडी कमी. ही दोन्ही स्वस्त दिसतात. वीज सगळे आकार धरून सात रुपये समजू या. भाचीच्या एका गॅलन तेलात चाळीस युनिटांहून थोडी जास्त उष्णता असते, म्हणजे तिला ती युनिटला आठ-नऊ सेंटला पडते. तिच्या भागात वीज त्याच्या तिप्पट महाग.

पण इंधनात असलेली उष्णता आणि अंगाला लागलेली उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा घोळ या दोहोंच्या मध्ये होतो. गॅसच्या शेगडीसाठी भारतीय मानकाने किमान ६८ टक्के कार्यक्षमता ठरवलेली आहे. म्हणजे शंभर रुपयांच्या गॅसमधले अडुसष्ट रुपये पातेल्यात जातात आणि बाकीचे त्याच्या कडेने वर निघून जातात. पाच रुपयांचे युनिट पातेल्यापर्यंत पोचेतो सात रुपये पस्तीस पैशांचे होते. त्यामुळे आंघोळीचे पाणी गॅसवर तापवणे गीझरपेक्षा स्वस्त, ही आमच्या गल्लीतली सार्वत्रिक समजूत आता हिशेबात टिकत नाही. दोन्ही सारखेच पडतात. वीस लिटरची बादली पंधरा अंशांपासून चाळीसपर्यंत न्यायला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त, म्हणजे चार रुपयांची ऊब लागते. चार माणसांच्या घरात रोजचे सोळा रुपये. आमच्यासारख्या बहुतेक घरांत हिवाळ्याच्या उबेचा सर्वांत नियमित खर्च हाच असतो, आणि तो खोली तापवण्याचा नसून पाणी तापवण्याचा असतो.

आता खोली. सासूबाईंची खोली बारा बाय चौदा फुटांची आहे, दोन भिंती बाहेरच्या, वर पटिया आणि त्यावर थेट गच्ची. अशा खोलीतून आतबाहेरच्या तापमानात पडणाऱ्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे एकशेतीस-पस्तीस वॅट उष्णता निघून जाते. बाहेर आठ असताना आत वीस हवे असतील तर सोळाशे वॅट सतत पुरवावे लागतील, आणि तेही भिंती एकदा तापल्यानंतर. पहिले काही तास तर सगळे त्यांच्याच पोटात जाते. दोन हजार वॅटचा हीटर संध्याकाळी चार तास चालवला की आठ युनिट, म्हणजे छप्पन्न रुपये. एवढे करून खोली सतरा अंशांवर येते. “तो भिंतींना तापवतो गं, मला नाही,” असे सासूबाई म्हणतात, आणि वर केलेला सगळा हिशेब त्यांनी एका वाक्यात संपवलेला असतो.

दर हिवाळ्यात आमचा मेळा भरतो. १९०५ साली माधवराव शिंद्यांच्या काळात सुरू झालेला हा व्यापार मेळा म्हणजे ग्वाल्हेरकरांची थंडीतली मोठी खरेदी. तिथे हीटरच्या दुकानांसमोर उभे राहिले की एक वाक्य हमखास ऐकू येते: “बहनजी, ऑइलवाला लीजिए, बिजली कम खाता है.” फणीच्या दातांसारखा दिसणारा तो तेलाचा रेडिएटर चांगला असतो, त्याची लाल झालेली तार कोणाच्या साडीला लागत नाही, खोलीतली हवा होरपळल्यासारखी वाटत नाही, पण तो वीज कमी खात नाही. तारेचा असो, हॅलोजनचा असो, ब्लोअर असो की तेलाचा, विजेने तापणारी कुठलीही वस्तू एका युनिटची एकच युनिट उष्णता देते. आठशे रुपयांचा आणि दहा हजारांचा हीटर या बाबतीत सख्खे भाऊ आहेत. फरक एवढाच की तारेचा हीटर समोर बसलेल्याला थेट किरणांनी तापवतो, त्यामुळे आठशे वॅटमध्येही माणसाला बरे वाटते, आणि तेलाचा आधी हवा तापवतो, जी आमच्या चौदा फुटी छताखाली जाऊन जमते. उंच छताच्या दिवाणखान्यात तेलाचा हीटर लावणे म्हणजे छतावरच्या पालींची सोय करणे आहे.

विजेच्या बाबतीत मध्य प्रदेशात आणखी एक वळण आहे, जे भावफलकावर दिसत नाही. अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर दीडशे युनिटांच्या आत असेल तर पहिल्या शंभर युनिटांचे शंभरच रुपये लागतात. दीडशे युनिट म्हणजे दिवसाला पाच. ज्या घराचा दिवा, पंखा, टीव्ही आणि फ्रिज मिळून दिवसाला चार युनिट होतात, त्याने संध्याकाळी दोन तास हीटर लावला की ते घर योजनेच्या बाहेर पडते, आणि मग हीटरच्या युनिटांचेच नव्हे तर आधीच्या शंभर युनिटांचेही पूर्ण पैसे मोजावे लागतात. अशा घरासाठी उबेचे पहिले युनिट सात रुपयांचे राहत नाही. एका उंबरठ्यावर ते कित्येक शे रुपयांचे होते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या घरी हीटर आहे, मुलीच्या सासरकडून आलेला. तो खोक्यात आहे. त्या हिशेबात माझ्याहून कच्च्या नाहीत.

अशा घरांत कोळशाची शेगडी पेटते. शेगडीची ऊब स्वस्त दिसते याचे कारण तिला धुराडे नसते, आणि धुराडे नसल्यामुळे तिची सगळी उष्णता खोलीतच राहते. भिंतीतल्या उघड्या फायरप्लेसचे नेमके उलटे असते. जळणाऱ्या लाकडाच्या उष्णतेतला दहा-पंधरा टक्केच भाग खोलीला मिळतो, बाकीचा धुराड्यातून वर जातो आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेतो. म्हणजे कार्यक्षमतेच्या दृष्टीने शेगडी अव्वल ठरते. पण जी उष्णता खोलीत राहते तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही राहतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. दारे-खिडक्या लावून, निखाऱ्यांची शेगडी पायाशी घेऊन झोपलेले कुटुंब सकाळी उठले नाही, ही बातमी उत्तरेकडच्या वर्तमानपत्रांत दर हिवाळ्यात येते. निखारे धुमसत नाहीत म्हणून ते निर्धोक, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात धूर थांबल्यानंतरही तो वायू निर्धास्तपणे साठत राहतो. छोट्या न्हाणीघरात खिडकी बंद ठेवून लावलेल्या गॅस गीझरचेही हेच आहे. इंधनाच्या भावाचा तक्ता मांडताना ही किंमत त्यात कुठे लिहायची हे मला कळत नाही, पण ती वगळून केलेली स्वस्ताई मी स्वस्ताई मानत नाही. शेगडी अंगणात पेटवावी, भोवती बसावे, रताळी भाजावीत, गजक खावी, आणि झोपायला जाताना ती बाहेरच ठेवावी.

हवामान आणि इंधन यांची सांगड प्रत्येक देशाने आपापल्या जमिनीखाली काय आहे ते पाहून घातलेली दिसते. आइसलंडची नव्वद टक्के घरे भूगर्भातल्या गरम पाण्याने तापतात. नॉर्वेकडे धबधब्यांची वीज आहे, म्हणून तिथे विजेवरच घरे तापतात, आणि २०२० पासून इमारती तापवण्यासाठी खनिज तेल जाळण्यास बंदीच आहे. डेन्मार्कला १९७३ च्या तेलसंकटाने असा चटका दिला की त्यांनी गावाला एक सामाईक बंब बसवावा तशी व्यवस्था केली. वीजकेंद्रातले वाया जाणारे गरम पाणी नळांनी घरोघरी फिरवले जाते आणि देशातली सुमारे दोन तृतीयांश घरे त्यावर चालतात. ब्रिटनने समुद्रातल्या वायूवर भिस्त ठेवली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये युरोपातला वायूचा घाऊक भाव एका मेगावॅट-तासाला, म्हणजे हजार युनिटांना, तीनशे युरोंच्या वर गेला, जो साथीच्या आधी वीसच्या आसपास असे, आणि ब्रिटनच्या सरकारला सामान्य घराचे वर्षाचे वीज-वायूचे बिल अडीच हजार पौंडांच्या आसपास राहील अशी हमी द्यावी लागली. त्या हिवाळ्याची थंडी काही जास्त कडक नव्हती. अडले ते बाहेरच्या देशांतून येणाऱ्या इंधनावर.

मात्र या सगळ्यांत मला सर्वांत जवळची वाटली ती पोर्तुगालची कथा. तिथला हिवाळा युरोपातल्या सौम्य हिवाळ्यांपैकी एक. फिनलंडशी तुलनाच नको. तरीही उन्हाळ्याच्या तुलनेत हिवाळ्यात होणाऱ्या मृत्यूंची वाढ मोजली गेली तेव्हा पोर्तुगालची वाढ फिनलंडपेक्षा कितीतरी जास्त निघाली. फिनलंडमध्ये बाहेर उणे वीस असते आणि घरात एकवीस. पोर्तुगालात बाहेर दहा असते आणि घरातही फार तर पंधरा. थंडीचे दिवस थोडे, म्हणून भिंती पातळ, खिडक्या एकपदरी, मध्यवर्ती हीटिंग दुर्मीळ. चीनने तर या सवयीला सरकारी सीमारेषाच दिली होती. छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांच्या उत्तरेला १९५० च्या दशकापासून सार्वजनिक हीटिंग आले, बीजिंगमध्ये १५ नोव्हेंबर ते १५ मार्च घरे तापवली जातात. दक्षिणेकडे ‘तिथे थंडी नसते’ म्हणून तशी सरकारी सोय केली नाही. वूहानमध्ये जानेवारीत लोक घरातही जाड कोट घालून बसतात. आम्ही अशाच एका रेषेच्या खाली राहतो, फक्त ती कोणी आखलेली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत थंडीच्या दिवसांत घरात किमान अठरा अंश असावेत असे म्हटले आहे. तेरा देशांतल्या सात कोटींहून अधिक मृत्यूंचा अभ्यास २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्यात उष्णतेपेक्षा थंडीशी जोडलेले मृत्यू कितीतरी पट जास्त आढळले, आणि त्यांतले बहुतेक कडाक्याच्या लाटेतले नव्हते, नुसत्या मध्यम, रोजच्या थंडीतले होते. आपल्याकडे किमान तापमान चारपर्यंत उतरले की हवामान खाते शीतलहर जाहीर करते, शाळांच्या वेळा बदलतात, चौकात पालिकेचे अलाव म्हणजे शेकोट्या पेटतात. आमच्या माजघरातल्या तेरा अंशांसाठी काहीही जाहीर होत नाही. ऐंशी उलटलेल्या माणसाच्या रक्तदाबाला मात्र तेरा अंश ही काही किरकोळ गोष्ट नसते.

तरीही भाचीच्या पद्धतीने सगळे घर तापवावे असे मला वाटत नाही. आमच्या जुन्या माणसांनी घर तापवण्याऐवजी माणूस तापवला, आणि हिशेबाच्या दृष्टीने हा शहाणपणा फार मोठा आहे. वहीतली ‘रजई भरणे’ ही नोंद मला म्हणूनच आवडते. तीन-चार किलो रुई, वर छापील खोळ, दर दोन-तीन वर्षांनी पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यायची. रुईत अडकलेली हवा शरीरातून निघणारी सत्तर-ऐंशी वॅट उष्णता धरून ठेवते. त्यासाठी इंधन लागत नाही. भाचीच्या घराच्या भिंतींत काचलोकर भरलेली आहे, म्हणजे तिने घरालाच रजई पांघरली आहे. आम्ही ती स्वतःवर पांघरतो. दोन लिटरची गरम पाण्याची पिशवी भरायला एक रुपयाही लागत नाही. विजेची चादर रात्रभर चालली तरी पाच-सहा रुपयांची वीज घेते, त्याच वेळी हीटर शंभरच्या वर नेतो. जपानमध्ये बुटक्या मेजाखाली लहानसा हीटर लावून वरून रजई सोडतात आणि घरातली सगळी माणसे पाय त्यात घालून बसतात. काश्मीरमध्ये फेरनच्या, म्हणजे सैल लांब अंगरख्याच्या, आत कांगडी म्हणजे निखाऱ्यांचे मडके असते. थंडी कडक असूनही ज्यांची घरे उबदार नव्हती त्यांनी असेच केले.

या पद्धतीची अडचण इतकीच आहे की ती बसलेल्या किंवा झोपलेल्या माणसासाठी आहे. पहाटे उठून न्हाणीघरापर्यंत जाणाऱ्या म्हातारीला रजई उपयोगी पडत नाही. स्वयंपाकघरात गार पाण्यात हात घालणाऱ्या बाईलाही पडत नाही. रजईचे गुणगान बहुधा तिच्यात झोपून चहाची वाट पाहणारेच करतात.

म्हणून एखादी तरी खोली तापवावी लागते, आणि तिथे ग्वाल्हेरच्या बाजूने एक गोष्ट आहे जिच्याकडे आपण अजून नीट पाहिलेले नाही. एसी उलटा चालवला की तो बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणतो. तो उष्णता तयार करत नाही, नुसती वाहून आणतो, त्यामुळे एका युनिट विजेत तीन युनिट ऊब मिळू शकते. बाहेर जितकी थंडी जास्त तितकी ही वाहतूक अवघड होते. मेनमध्ये उणे पंधराला ते प्रमाण दोनाच्या आसपास येते. तरीही त्या राज्याने २०१९ मध्ये एक लाख हीट पंप, म्हणजे अशीच उष्णता वाहून आणणारी यंत्रे, बसवण्याचे उद्दिष्ट २०२५ साठी ठेवले आणि ते २०२३ मध्येच गाठले. आमच्याकडे तर पहाटे सहा-सात अंश असतात, जिथे हे यंत्र अगदी आरामात चालते. शिवाय भावांचे गुणोत्तर आपल्या बाजूचे आहे. ब्रिटनमध्ये वीज वायूच्या सुमारे चौपट महाग असल्यामुळे तिप्पट कार्यक्षम यंत्र लावूनही हातात फारसे काही उरत नाही. आमच्याकडे वीज गॅसच्या दीडपटही नाही. सासूबाईंच्या खोलीतले आठ युनिटांचे काम यात पावणेतीन युनिटांत, म्हणजे एकोणीस-वीस रुपयांत होते. पण आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक एसी फक्त गारवाच देतात, कारण दिशा पालटणारा व्हॉल्व्ह त्यांत बसवलेलाच नसतो. जी ‘हॉट अँड कोल्ड’ मॉडेले मिळतात ती काही हजारांनी महाग असतात, आणि विकणारा “यहाँ क्या ज़रूरत है” म्हणून आपल्याला त्यांच्यापासून परावृत्त करतो.

ऊन हे दुसरे भांडवल. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातही ग्वाल्हेरचा सूर्य दुपारी क्षितिजापासून चाळीस अंश वर असतो. पोर्टलंडचा तेवीसच्या पुढे जात नाही. दक्षिणेकडच्या एक चौरस मीटर काचेतून स्वच्छ दिवशी तीन-चार युनिट ऊब आत येऊ शकते. लडाखमध्ये लेहजवळच्या सेकमोल संस्थेच्या इमारती याच तत्त्वावर, दक्षिणेला काच आणि मातीच्या जाड भिंती, अशा बांधलेल्या आहेत आणि बाहेर उणे पंधरा असताना त्या इंधनाशिवाय राहण्याजोग्या उबदार असतात. बाजारातल्या आमच्या घरांची दक्षिण बाजू मात्र शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेली असते, म्हणून आम्ही उन्हाला आत न बोलावता आपणच गच्चीवर जातो. अडचण धुक्याच्या आठवड्यात येते. सलग पाच-सहा दिवस सूर्य दिसत नाही, दुपारही बारा-तेरा अंशांवर अडकते, आणि तेव्हाच नेमकी उबेची सर्वांत जास्त गरज असते.

या सगळ्या मांडणीनंतर आमच्या घरात जो वाद झाला तो हीटरवरून नव्हे, गच्चीवरून झाला. सासूबाईंच्या खोलीची जवळजवळ एक तृतीयांश उष्णता पटियांमधून वर जाते. त्यावर दोन इंच जाडीचे फोमचे तक्ते टाकून वर फरशी बसवली तर ती गळती बरीचशी थांबते. केवळ हिवाळ्याचा विचार केला तर हा खर्च वसूल व्हायला बरीच वर्षे लागतील, आणि यजमानांनी तो आकडा माझ्याच कागदावर मला दाखवला. पण तीच गच्ची मे महिन्यात उन्हाने भाजून निघते आणि त्याच खोलीत तेव्हा एसी चालतो. पंचेचाळीसवरून सत्तावीसवर आणायचे म्हणजे अठरा अंशांचा फरक, आणि एसी तर चार-पाच महिने चालतो. तो रकाना धरला की उत्तर बदलते. शेवटी काम मार्चमध्ये करायचे ठरले आहे, वहीत ते गारव्याच्या खर्चात लिहिले जाईल, आणि नवा एसी घेताना तो उलटा चालणारा घ्यायचा. सासूबाईंच्या खोलीत संध्याकाळी आणि पहाटे एकोणीस अंश ठेवायचे, न्हाणीघराच्या दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लावायची. दिवाणखाना तापवण्याचा यजमानांचा प्रस्ताव मी चौदा फुटी छत दाखवून फेटाळला; ते म्हणतात की पाहुणे आले की बघू.